मुंबई दाखवायची, तर खाली उतरवून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत, मुंबईत येणाऱ्या पाहुण्यांनी आवर्जून पाहावीत अशा पंचवीस ठिकाणांची सचित्र यादी प्रसिद्ध झाली होती. त्या यादीचे कात्रण सातारा जिल्ह्यातील कोरेगावच्या माझ्या पुतण्याने जपून ठेवले आणि तेच खिशात घालून तो पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि माझ्या वहिनी यांच्यासह डोंबिवलीला माझ्या घरी मुक्कामाला आला. यादी छापल्यावर तिचे पुढे काय होते हे छापणाऱ्यांपर्यंत सहसा पोहोचत नाही. ते पोहोचावे आणि त्यातून पुढची यादी अधिक उपयोगी व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

शनिवारी त्या मंडळींनी एका खासगी मुंबईदर्शन बसची तिकिटे काढली. सकाळी सातला घर सोडून रात्री साडेनऊला परतले, तेव्हा पंचवीसपैकी सतरा नावांपुढे पुतण्याने पेनाने बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. त्यांतील अकरा ठिकाणे त्यांनी बसमधून न उतरता ‘पाहिली’ होती. मरीन ड्राइव्हला राणीचा हार का म्हणतात, हे बसमधील माणसाने ध्वनिक्षेपकावरून सांगितले खरे, पण ते भर दुपारी बारा वाजता, जेव्हा हारातील एकही दिवा लागलेला नव्हता. दोन चित्रपट कलाकारांच्या बंगल्यांसमोर मात्र बस व्यवस्थित थांबली आणि मंडळींनी बंद फाटक आणि त्यापुढे बसलेला पहारेकरी यांचे दर्शन घेतले. गेटवे ऑफ इंडियाला वीस मिनिटे मिळाली, त्यांतील बरीचशी वहिनी आणि सूनबाई यांची स्वच्छतागृह शोधण्यात गेली. रात्री जेवताना मी नातीला काय काय पाहिले म्हणून विचारले, तर ती म्हणाली, “आजोबा, आम्ही नुसती फाटकं बघितली.”

मला सर्वांत जास्त लागली ती गोष्ट निराळीच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अजमल कसाबला जिवंत पकडताना ज्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या, ते अशोकचक्र विजेते पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे हे साताऱ्याच्याच जावळी खोऱ्यातील केडंबे गावचे. त्यांचे स्मारक गिरगाव चौपाटीजवळ, ते जेथे पडले तेथे आहे. कोरेगावच्या मंडळींना घेऊन बस त्याच रस्त्याने गेली आणि त्या स्मारकाचे नावही कोणी उच्चारले नाही. आपल्या यादीतही ते नव्हते.

तक्रार ठिकाणांच्या निवडीबद्दल फारशी नाही. निवडीत मतभेद राहणारच. तक्रार आहे ती शहराकडे मोजदाद करण्याजोगी वस्तू म्हणून पाहण्याच्या सवयीबद्दल. बोरीबंदरपासून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, अपोलो बंदरापर्यंतचे, म्हणजे गेटवेपर्यंतचे, अंतर जेमतेम अडीच किलोमीटर असेल आणि मुंबईत थांबून पाहण्यासारखे जे आहे त्याचा फार मोठा वाटा या अडीच किलोमीटरांत आहे. मी फोर्टमधील एका बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली. त्या काळात लोकलमधून उतरून घड्याळाकडे पाहत धावण्यापलीकडे मीही हा परिसर पाहिला नव्हता हे कबूल करतो. निवृत्त झाल्यावर रिकामपणी तो पायी हिंडलो, तेव्हा कोठे त्याची ओळख झाली. म्हणून रविवारी सकाळी चौघांना घेऊन निघालो. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो आणि त्याला शिव्या देण्याची आम्हा डोंबिवलीकरांची जुनी परंपरा आहे, पण त्या दिवशी फोर्टचे रस्ते रिकामे असतात आणि लहान मुलाचा हात सोडून चालता येते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आपल्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होते आणि त्याखाली ‘गॉथिक शैलीतील भव्य वास्तू’ एवढेच छापले होते. पुतण्या म्हणाला, “काका, हे काल बसमधून बघितलंय आम्ही.” मी त्याला समोरच्या पदपथावर उभे केले आणि प्रवेशद्वाराच्या दोन खांबांकडे बोट दाखवले. एका खांबावर सिंह बसलेला आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. नातीने एवढे ऐकले आणि मग तिला सांगावे लागले नाही. पुढची पंचवीस मिनिटे ती मान वर करून दगडातले मोर, माकडे आणि खिडक्यांच्या कडेने चढलेल्या वेली शोधत होती. हे नक्षीकाम करणाऱ्यांत सर जे. जे. कला विद्यालयाचे विद्यार्थी होते. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८७८ मध्ये काम सुरू केले आणि ते पुरे व्हायला दहा वर्षे लागली. घुमटावर एक स्त्री उभी आहे, तिच्या उजव्या हातात उंचावलेली मशाल आणि डाव्या हाताशी चाक आहे; तिचे नाव ‘प्रगती’. घड्याळाखाली एक कोनाडा रिकामा दिसतो, त्यात पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. दर्शनी भागावर रेल्वे कंपनीच्या संचालकांची शिल्पे आहेत आणि त्यांत जमशेटजी जिजीभाई आणि पगडीतले जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना आहेत. पुढचा सगळा दिवस नाना आम्हांला भेटत राहिले, ते पुढे येईलच.

एक दुरुस्ती येथे करणे आवश्यक वाटते, कारण पाहुण्यांना हे चुकीचे सांगितले जाताना मी अनेकदा ऐकले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली आगगाडी गेली, ती या इमारतीतून सुटलेली नाही. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने घेऊन ती सुटली, तेव्हा येथे साधे लाकडी स्थानक होते आणि ही इमारत पुरी होण्यास अजून पस्तीस वर्षे अवकाश होता. २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत या स्थानकाचा समावेश झाला. असा वारसा जगात थोडाच असेल, ज्याच्या निळ्या-सोनेरी ताऱ्यांच्या छताखाली उभे राहून माणूस डोंबिवलीचे तिकीट मागतो आणि सुटे पैसे नाहीत म्हणून ओरडा खातो.

तेथून दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालून चालत हुतात्मा चौकाकडे निघालो. या भागाला फोर्ट म्हणतात आणि किल्ला कोठेच दिसत नाही, ही नातीची शंका रास्त होती. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली. तटाच्या तीन दरवाजांपैकी चर्चगेट हा दरवाजा जेथे होता, त्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा या रोमन देवतेचे कारंजे बसले. दरवाजा गेला आणि त्याचे नाव मात्र पश्चिमेकडच्या रेल्वे स्थानकाला चिकटले. हे कारंजे मुळात भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवायचे होते, ते येथे आले. भायखळ्याला जायचे ते येथे राहिले आणि येथले पुढे भायखळ्याला गेले, असा या दोन जागांचा जुना देवघेवीचा व्यवहार आहे.

कारंज्याशेजारीच मशाल उंचावलेले शेतकरी आणि कामगार यांचे शिल्प आहे. आपल्या यादीत कारंज्याचे छायाचित्र होते आणि ते असे घेतले होते, की हुतात्मा स्मारक चौकटीच्या बाहेर राहावे. छायाचित्रकाराचा हेतू वाईट नसणार, कारंजे पांढरेशुभ्र आणि देखणे आहे. परंतु महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हा चौक दाखवायचा आणि २१ नोव्हेंबर १९५५ या दिवशी येथे मोर्चावर झालेल्या गोळीबाराविषयी सांगायचे नाही, हे मला पटत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील १०६ हुतात्मे हा आकडा आम्ही शाळेत पाठ केला. माझे वडील तेव्हा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. ते त्या मोर्चात होते की नव्हते, हे त्यांनी कधी सरळ सांगितले नाही, मात्र दरवर्षी २१ नोव्हेंबरला संध्याकाळचे जेवण ते कोणाशीही न बोलता जेवत. वहिनींनी हे त्यांच्या सासऱ्यांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. त्या स्मारकाच्या कठड्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या, मग पिशवीतून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “भाऊजी, हे काल बसमधून दिसलंच नाही हो.”

त्यानंतर ज्या ज्या गोष्टी पाहिल्या त्या सगळ्या येथे सांगत बसत नाही. एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल १८३३ चा; रविवारमुळे आत जाता आले नाही, पण बाहेरच्या तीस पायऱ्यांवर बसून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आत नानांचा पुतळा आहे, तो पुढच्या खेपेवर टाकला. राजाबाई मनोरा विद्यापीठाच्या आवारात असल्याने कुंपणाबाहेरूनच पाहिला. १८७८ मध्ये पुरा झालेला हा २८० फूट उंचीचा मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव आहे, एवढे सांगितल्यावर सूनबाईंना तो सर्वांत जास्त आवडला. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहिले, की एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांची एकोणिसाव्या शतकातील टोकदार शिखरे आणि दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातील गोलसर कोपऱ्यांच्या सज्ज्यांच्या रहिवासी इमारती दिसतात. २०१८ मध्ये या परिसरातील दोन्ही शैलींच्या मिळून ९४ इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दोन शतकांचे असे समोरासमोर बसणे पाहायला एक रुपयाही पडत नाही, आणि मध्ये क्रिकेटचे दहा-पंधरा सामने एकात एक गुंतून चाललेले असतात ते निराळेच.

काळा घोडा चौकात आपल्या यादीने चक्क चूक केली आहे, ती नोंदवतो. तेथे आज जो घोडा आहे, त्याला काळा घोडा नावाचे कारण म्हणता येणार नाही. ते नाव ज्यावरून पडले तो पुतळा सातव्या एडवर्डचा, घोड्यावर स्वार झालेला. तो १९६५ मध्ये तेथून हलवून भायखळ्याला नेला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे त्या चौकात घोडा नव्हता आणि तरीही रिक्षावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्व जण त्याला काळा घोडाच म्हणत होते. (दक्षिण मुंबईत रिक्षा नसते, तेव्हा टॅक्सीवाल्यापासून म्हणतो.) २०१७ मध्ये तेथे नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही. माझ्या नातीला राजाशिवायचा घोडा बरा वाटला. जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, त्यास अर्धा दिवस हवा. तेवढा वेळ नसेल, तर तेथे घाईने जाऊन तिकिटाचे पैसे वाया घालवू नयेत असे माझे मत आहे.

गेटवेला पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. गर्दी होती, फोटोवाले होते, सगळे कालचेच होते. मी मंडळींना कमानीकडे पाठ करून उभे केले आणि विचारले, की पाठीमागचे गेटवे आधीचे, की समोरचे ताजमहाल हॉटेल आधीचे? चौघांनीही गेटवे म्हटले. हॉटेल १९०३ चे आणि गेटवेचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चे आहे. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी या धक्क्यावर उतरले, त्यांच्या स्वागताचे स्मारक म्हणून ही कमान बांधली असे सर्वत्र लिहिलेले असते आणि ते खरेच आहे, पण राजा आला तेव्हा येथे कमान नव्हतीच. त्याला पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली गेली. पायाभरणी मार्च १९१३ ची, आणि जॉर्ज विटेट यांचा आराखडा पक्का झाला तो १९१४ मध्ये. ज्या साम्राज्याच्या थाटासाठी हे बांधले, त्याच साम्राज्याची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीखालून बाहेर पडली, म्हणजे कमान उघडल्यापासून पुरती चोवीस वर्षेही झाली नव्हती. समोर १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी उभारलेला छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. एवढे सारे सांगायला मला सात-आठ मिनिटे लागली असतील. कालच्या वीस मिनिटांत ते बसले असते.

तेथेच आपल्या यादीने आम्हांला अडचणीत आणले. यादीत चौथ्या क्रमांकावर घारापुरी होती, म्हणून सोमवारची चौकशी करावी या हेतूने लाँचच्या तिकीट खिडकीवर गेलो, तर खिडकीतील माणसाने मान वर न करता उत्तर दिले, “सोमवारी लेणी बंद.” ही माहिती मला असायला हवी होती, हे मान्य. पण यादीत लेण्यांचे अंतर, त्रिमूर्तीची उंची आणि छायाचित्रणासाठी उत्तम वेळ हे सर्व छापलेले असताना साप्ताहिक सुट्टी तेवढी राहून जावी, हे वाचकाला फार महागात पडते. मंगळवारी त्यांची परतीची गाडी होती. वीस फूट उंचीच्या सदाशिवासमोर, म्हणजे त्या त्रिमूर्तीसमोर, मंडळींना उभे करायचे राहून गेले. घारापुरी प्रशासकीय दृष्ट्या मुंबईत नाही, रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात आहे आणि त्या बेटावर वीज पोहोचायला २०१८ साल उजाडावे लागले. समोर झगमगणारी मुंबई पाहत तेथील माणसांनी इतकी वर्षे कंदिलावर काढली. तेथे जाणाऱ्या पाहुण्याने लेण्यांबरोबर एवढे तरी लक्षात घेऊन जावे.

नात हिरमुसली होती. घारापुरीला एलिफंटा का म्हणतात हे तिने शाळेत वाचले होते आणि तिला हत्ती पाहायचा होता. तेव्हा तिला म्हटले, की हत्तीसाठी होडीत बसण्याची गरज नाही. पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला नाव दिले, तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत एकोणिसाव्या शतकात मोडला; त्याचे तुकडे भायखळ्याला आणून ठेवले गेले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. सोमवारी सकाळी आम्ही भायखळ्याला उतरलो. राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, तो हत्ती आहे, सांधे स्पष्ट दिसणारा. नातीने एका सांध्यावर बोट ठेवून विचारले, की हे दुखत असेल का. काळ्या घोड्याचा मूळ पुतळाही याच बागेत आहे. ज्या दोन प्राण्यांनी मुंबईच्या दोन ठिकाणांना नावे दिली, ते दोघेही आपापली ठिकाणे सोडून एकाच बागेत नांदत आहेत, आणि लोक बहुतांशी पेंग्विनच्या रांगेत असतात. पेंग्विनबद्दल माझा राग नाही. आम्हीही ते पाहिले.

बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आपल्या यादीत नव्हते, याचे मला अतिशय वाईट वाटले. मुंबईत येणाऱ्या कोणाला एकच इमारत आतून दाखवायची म्हटली, तर मी ही दाखवीन. १८७२ मध्ये ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने उघडले. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्र्याचे, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर आणि शिलालेख वाचणारे पंडित. त्यांनी आणि नानांनी या संग्रहालयासाठी पैसा उभा केला. वहिनींना तेथील मातीच्या छोट्या प्रतिकृती पाहून हलवेना. निरनिराळ्या जातीजमातींचे पोशाख आणि पगड्या, कारागीर आणि त्यांची हत्यारे, सगळे वीतभर उंचीत. “हे आमच्या आजोळी असंच होतं,” असे म्हणत त्या प्रत्येक काचेपाशी थांबत होत्या. हे संग्रहालय बुधवारी बंद असते. सोमवारी घारापुरी आणि बुधवारी भायखळा, एवढ्या दोन ओळी आपल्या यादीत असत्या, तर कोरेगावच्या चार माणसांचे एक बेट पाहून झाले असते.

दुपारी परतताना वहिनींनी विचारले, “मामंजी ज्या गिरणीत होते ती कुठं?” आम्ही लालबागपर्यंत गेलो. गिरणीच्या जागी काचेचा मनोरा आहे आणि त्याच्या खालच्या मजल्यावर दुकाने. पलीकडे दुसऱ्या एका गिरणीचे धुराडे अजून उभे होते, ते दाखवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील कित्येक जण सातारा, कोल्हापूर आणि कोकणातील आपापल्या गावी कायमचे परतले. कोरेगाव तालुक्यातील क्वचितच एखादे गाव असेल, जेथील कोणी परळ-लालबागच्या गाळ्यात राहिले नाही किंवा खाणावळीत जेवले नाही. अशा माणसांच्या नातवंडांना मुंबई दाखवताना धुराडे हे प्रेक्षणीय स्थळ धरावे की नाही, यावर आपल्या पुरवणीने विचार करावा, अशी विनंती आहे.

असाच विचार दादरच्या चैत्यभूमीबाबत व्हावा. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर तेथे अंत्यसंस्कार झाले आणि दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे शिवाजी पार्कच्या परिसरात येतात. मुंबईत पाऊल ठेवणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या दृष्टीने हे शहरातील पहिले पाहण्याचे ठिकाण असते. तेथून फार दूर नसलेल्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांसाठी बांधलेले राजगृह आहे. पंचवीस नावांत यांपैकी एकही नसावे, आणि कलाकारांचे बंगले दोन असावेत, याचा जाब मी विचारत नाही, पण कारण समजून घ्यायला आवडेल. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव समुद्रापासून काही पावलांवर असूनही गोड्या पाण्याचा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत, त्यांतील ब्राह्मी लेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दानशूरांची नावे आहेत आणि पावसाचे पाणी साठवणाऱ्या पोढी आजही भरतात. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली यांना शिफारशीची गरज नाही. तेथे माणसे आपल्या श्रद्धेने जातातच.

आता विनंत्या. नवी यादी कराल तेव्हा ठिकाणे पंचवीसऐवजी दहाच घ्यावीत, ती भागवार लावावीत आणि कोणत्या स्थानकावर उतरून किती चालावे लागेल हे लिहावे. प्रत्येकापुढे साप्ताहिक सुट्टी ठळक अक्षरांत द्यावी. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी जवळ कोठे मिळेल, हेही द्यावे. पुरुषांना ही माहिती किरकोळ वाटते, पण वहिनींनी शनिवारी दिवसभर पाणी प्यायले नाही ते याच धास्तीने, हे मला रविवारी कळले. आणि प्रत्येक ठिकाणाची एक तरी गोष्ट मराठीत द्यावी. ‘भव्य’, ‘नयनरम्य’ आणि ‘वैभवशाली’ या तीन शब्दांवर पंचवीस ठिकाणे काढलेली पाहून शाळेतील निबंध आठवले. ज्या संस्थांच्या ताब्यात या वास्तू आहेत त्यांनाही आपल्या स्तंभातून सांगावेसे वाटते, की फलकावर नाव, साल आणि वास्तुविशारद एवढ्यावर थांबू नये. पुठ्ठ्याचा दरवाजा, रिकामा कोनाडा आणि मोडलेला हत्ती यांची गोष्ट चार ओळींत मावते, आणि ती आठ वर्षांच्या मुलीला वाचता येईल अशा उंचीवर आणि अक्षरांत लावता येते.

मंडळी मंगळवारी कोयना एक्सप्रेसने परत गेली. मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा येणार आहेत आणि नातीने दिवस आत्ताच आखून दिले आहेत: शनिवारी घारापुरी, रविवारी कान्हेरी, आणि सोमवारी कोठेही नाही, सोमवारी घरी पुरणपोळी. पुतण्याकडचे कात्रण आता घड्यांवर फाटले आहे. तोवर आपली नवी यादी प्रसिद्ध झाली, तर ते पान मी कापून कोरेगावला पाठवीन.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)